दोनदा राबलेलं पाणी

कौसाआत्याची आणि माझी ओळख शिवीनं झाली. मी वडवणीकडची. लग्न होऊन केज तालुक्यातल्या या गावात आले, त्याला आठ दिवसही झाले नव्हते. सकाळी तांदूळ धुतले आणि पाणी दारापुढच्या गटारीत फेकलं. लगेच शेजारच्या घरापुढच्या वट्ट्यावरून आवाज आला, "कोणाची गं तू, भवाने? दोन पावलं चालायला पाय मोडलेत का तुझे? पाणी असं फेकतेत व्हय?"

मी पातेलं हातात धरून उभीच. सासूबाई आतून म्हणाल्या, "कौसाबाई हाय ती. सगळ्या आळीची आत्या. उद्यापासून तिकडंच नेऊन दे, न्हाईतर रोज ऐकावं लागंल."

दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. तिनं पातेलं नाकाशी धरून पाण्याचा वास घेतला. "मीठ पडलं न्हाई ना ह्यात?" मी नाही म्हटल्यावर आधी त्यात मेथीची जुडी बुचकळून धुतली, मग वांग्याच्या बुडाशी ते पाणी इतकं सावकाश ओतलं, की उभं राहून माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग चांगली मूठभर कोथिंबीर खुडून तिनं त्याच पातेल्यात टाकली.

"भांडं रिकामं न्यायचं नसतं, पोरी."

पुढची सहा वर्षं मी रोज सकाळी ते पातेलं घेऊन गेले आणि एकदाही रिकामं आणलं नाही.

तिला शेत नव्हतं. होतं ते सगळं त्या वट्ट्यावर. वर पत्रा, खाली फरशी, लांबी दहा पावलं आणि रुंदी चार. त्यात दाटीवाटीनं मांडलेले तेलाचे डबे, फुटक्या घागरी, सिमेंटच्या गोण्या, दूध संस्थेनं टाकून दिलेले गळके कॅन. एका कडेला डांबराचं अर्धं पिंप, त्यात लिंबाचं झाड, माणसाच्या छातीइतकं. खांबावरून दोडक्याचा वेल पत्र्यावर चढलेला. प्रत्येक डबा कुठून आला ते तिला पाठ होतं. कुणी वांगी मागितली की म्हणायची, "सोनाबाईच्या थोरलीच्या लग्नातल्या डब्यातली घे, ती कवळी हायती." तेल कोणत्या लग्नात किती लागलं हे गाव विसरलं, पण तो डबा आत्याच्या वट्ट्यावर मेथी देत राहिला.

पुदिना होता तो एका पत्र्याच्या पेटीत. बावीस वर्षं ती पेटी घेऊन आत्या ऊसतोडीला गेली होती. नवरा तिकडंच गेला, कारखान्याच्या तळावर, तापानं. त्यानंतरही चार हंगाम ती गेली. डोक्यावर मोळ्या वाहून कंबर वाकली, तेव्हा मुलगा बाळू म्हणाला, "आता तू बस घरी. आमी दोघं जातो." ज्या दिवशी टोळी तिला न घेता निघाली, त्या दिवशी तिनं मोठा खिळा आणि दगड घेतला, पेटीच्या बुडाला भोकं पाडली आणि गाळ भरला. मला हे तिनंच सांगितलं होतं. "म्हटलं, आता ही बी कुठं जात न्हाई आन् मी बी न्हाई."

गाळ कोरड्या तळ्यातला. त्याच्या खाली नारळाच्या शेंड्यांचा थर, त्या ती शनिवारी मारुतीच्या देवळातून गोळा करायची. शेंडी पाणी धरून ठेवते. वर सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचं पांघरूण. मोठ्या डब्यांच्या मधोमध छोटं मडकं पुरलेलं, त्याच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात चिंधीची वात. मडकं भरलं की चार दिवस वात ओली राहायची. हे सगळं कुणी शिकवलं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तहानेनं."

पाण्याच्या बाबतीत तिचा एकच कायदा होता. पाणी घरात दोनदा राबलं पाहिजे, मग झाडाला जायचं. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची. ती स्वतः परातीत बसून आंघोळ करायची, त्याच पाण्यात लुगडं पिळायची आणि मग ते दोडक्याला घालायची. भांडी राखेनं घासायची, पावडर घरात येऊ द्यायची नाही. राखेचं पाणी निवळलं की वरवरचं लिंबाला, मेथीला कधीच नाही. पाहुणा आला आणि पाणी पिऊन तांब्यात थोडं उरलं, तर त्याच्या देखतच भांडी विसळायच्या पातेल्यात ओतायची. कुणाला ते अपमानाचं वाटलं तर वाटू दे. "एकदा वापरून फेकाया ते काय माणूस हाय?" असं म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तिची आणखी एक सवय सांगितलीच पाहिजे. कोणत्याही झाडाचं पहिलं फळ ती ज्याच्याशी भांडण चालू असेल त्याला द्यायची. आणि भांडण कुणाशी तरी चालू असायचंच. पलीकडच्या घरातल्या सोनाबाईशी एकदा भिंतीच्या पन्हाळावरून चार महिने अबोला होता. त्या वर्षीची पहिली दोन वांगी आत्यानं तिच्या उंबऱ्यावर ठेवली आणि काही न बोलता परत आली. मी म्हटलं, "आत्या, आम्ही रोज पाणी आणून देतो आणि वांगी तिला?" ती म्हणाली, "तुझं तोंड हायच की उघडं. तिचं खायला तरी उघडंल. एकदा उघडलं की बोलणं बी निघतं." तिसऱ्या दिवशी सोनाबाई वट्ट्यावर बसून आत्यासोबत मेथी निवडत होती.

मग तो दुष्काळ आला. पहिल्या वर्षी आड आटला, दुसऱ्या वर्षी हापसा नुसती हवा ओकायला लागला. जनावरं छावणीला गेली. दूध संस्थेचं कुलूप उघडेना, कारण दूधच नव्हतं. टँकर तीन दिवसांनी यायचा, माणशी चार घागरी. बाजारात भाजी बघूनच परत यावं लागायचं. अशा दिवसांत आळीत एकच जागा हिरवी होती.

दूध संस्थेच्या चेअरमनच्या मंडळी पुष्पाताई तेव्हा पहिल्यांदा त्या वट्ट्यावर आल्या. गावातलं मोठं घर त्यांचं, त्या सहसा कुणाच्या दारात जायच्या नाहीत. त्यांची सून पोटुशी होती. पोटात पाणी ठरत नव्हतं, जीव नुसता कोरडा पडला होता. आत्यानं दोन लिंबं आणि पुदिन्याचे दांडे पदरात बांधले, स्वतः त्यांच्या घरी गेली आणि चमच्या-चमच्यानं सुनेला पाजत बसली. पुढं दोन महिने रोज एक लिंबू त्या घरी जात होतं. झाडावर कमी असली तर आमचं चुकायचं, पण सुनेचं कधी चुकलं नाही.

त्यातूनच पुष्पाताईंच्या मनात महिलांची सहकारी संस्था काढायचं आलं. प्रत्येकीच्या वट्ट्यावर असे डबे मांडायचे, रोपं एकमेकींना द्यायची, संस्थेच्या नावानं अर्ज करायचे. माझी बारावी झालेली, म्हणून मला सचिव केलं.

आत्याला पटत नव्हतं. "डबा हाय, पाणी हाय, शेजार हाय. संस्था आनिक कशाला?"

पुष्पाताई म्हणाल्या, "संस्था असली की सरकार ऐकतं, आत्या. एकट्या बाईला कोण इचारतंय?"

आत्या तेवढ्यावर तयार झाली. एकच अट घातली. टँकरचं कोरं पाणी कुणीही झाडाला घालायचं नाही, दोनदा राबलेलंच घालायचं, असं संस्थेच्या वहीत पहिल्या पानावर लिहायचं. मी लिहिलं. तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिला अक्षरओळख नव्हती, तरी वही जवळ ओढून त्या ओळींवर बोट फिरवत राहिली. म्हणाली, "कसं मोत्यावानी लिवतीस गं." मग पहिला अंगठा तिनंच उमटवला. आम्ही अकरा जणी होतो.

त्या उन्हाळ्यात अकरा घरांत हिरवं शिजलं. आत्या दुपारी घरोघर हिंडायची, डबे वाजवून बघायची, वास घ्यायची, शिव्या द्यायची. माझी मिरची तिनं दोनदा उपटून पुन्हा लावायला लावली. संध्याकाळी सगळ्या तिच्या वट्ट्यावर जमायच्या. का कोण जाणे, पण पाणी इतकं कमी असताना आम्ही बायका जेवढ्या हसलो तेवढ्या नंतर कधी हसलो नाही.

आणि मग पुढच्या वर्षी चैत्रात एका सकाळी पुष्पाताई धापा टाकत माझ्या दारात आल्या. शेजारच्या गावानं तक्रार केली होती. यांच्या वट्ट्यावर बागा फुलतात, यांना टँकर कशाला, तो आम्हाला द्या. टँकरची तपासणी करणारे साहेब दुपारपर्यंत येणार होते. बागा दिसल्या तर टँकर बंद.

आत्या त्या दिवशी पहाटेच युसूफ वडगावला बाजाराला गेली होती. बाकीच्या दहाजणी माझ्या घरात जमलो. डबे आत लपवायचं ठरलं. कुणी बाजंखाली सरकवले, कुणी गोठ्यात रिकाम्या गव्हाणीत ठेवून वर कडब्याची पेंढी टाकली. मी माझे सहा डबे पलंगाखाली घातले आणि वरून गोधडी सोडली.

"आन् आत्याचं?" सोनाबाई म्हणाली.

चाळीस डबे, ते लिंबाचं पिंप, पत्र्यावर चढलेला वेल. ते लपणारं नव्हतं. मग पुष्पाताई हळू आवाजात बोलल्या, "हे बघा, अकरा वट्टे हिरवे दिसले तर गावाची चूक. एक दिसला तर एका बाईची. गावाचं पाणी तर तुटणार न्हाई."

"म्हंजी आत्यावर ढकलायचं?"

"कागदापुरतं. साहेब गेले की फाडून टाकू. आत्याला मी समजावते. ती काय आपल्या बाहेरची हाय का?"

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सदर महिला टँकरचे पाणी झाडांना वापरते, संस्थेने तिला वेळोवेळी समज दिलेली आहे, तरी ती ऐकत नाही. लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. माझ्या घरात दोन वर्षांची मुलगी होती आणि टँकर तुटला तर काय, एवढंच डोक्यात होतं. पण तेव्हा माझ्या मनात आणखीही काही होतं. दोष माझ्या नावावर नाही, याचं बरं वाटत होतं. दहा सह्या आणि अंगठे झाले. सोनाबाईनं शेवटी केला, भिंतीकडं तोंड करून.

साहेब आले ते सरळ आत्याच्या वट्ट्यापुढंच थांबले. हिरवं दुसरीकडं कुठं दिसतच नव्हतं. सगळा गाव गोळा झाला. तेवढ्यात जीपमधून उतरून आत्या आली, खांद्याला पिशवी. तिच्या वट्ट्यापुढं गर्दी बघून तिला आनंद झाला. संस्था झाल्यापासून आजूबाजूच्या गावांतून बायका बघायला यायच्या, तसंच कुणी आलं असेल असं तिला वाटलं.

"या साहेब, उन्हात कावून उभा? वर सावलीत बसा." तिनं पिशवी ठेवली, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि साहेबांपुढं धरला.

साहेबांनी तांब्या घेतला नाही. झाडांकडं बघून विचारलं, "बाई, हे पाणी कुठलं?"

तिला वाटलं, तांब्यातलं विचारतायत. "टँकरचंच की, साहेब. आनिक कुठलं असणार ह्या मुलखात?"

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी चेअरमनकडं बघितलं. मग चेअरमननी आधीच हातात दिलेला तो कागद त्यांनी काढला आणि मोठ्यानं वाचला. मजकूर वाचला आणि खालची नावंही वाचली. पुष्पाताई. सोनाबाई. माझं. एकेक नाव आलं की आत्या त्या बाईला गर्दीत शोधायची आणि तिच्याकडं बघायची. राग नव्हता त्या बघण्यात. आपल्याला नीट ऐकू आलं की नाही, हे तपासून बघावं तशी ती बघत होती.

"दोनदा राबलेलं पाणी असतंय, साहेब," ती म्हणाली. "वहीत लिवलंय पहिल्या पानाला. इचारा हिला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. वही माझ्या घरात फळीवर होती. मी खाली बघत राहिले.

आत्या खाली उतरली, साहेबांच्या हातातल्या कागदाजवळ गेली आणि वाकून बघितलं. मग माझ्याकडं वळली. "हे अक्षर तुझं हाय ना पोरी?"

मी मान हलवली.

"चांगलं हाय," ती म्हणाली.

तिथून माझं दार समोरच दिसत होतं, उघडं. पलंगाची गोधडी एका बाजूला वर राहिली होती आणि तिच्याखालून मिरचीचे शेंडे बाहेर आले होते. आत्याची नजर तिथं गेली आणि थांबली. मला कळलं की तिनं बघितलं. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?" तिनं फक्त बोट केलं असतं तरी पुरे होतं. दहा घरांतून डबे निघाले असते.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "माझ्याच बायांनी लिवलंय. मी काय सांगू त्याच्यापुढं?"

साहेब कारवाई करायला सांगून निघून गेले. टँकर चालू राहिला. गावाचं पाणी वाचलं, हे खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण कागद कुणी फाडला नाही. मी दुसऱ्या दिवशी पुष्पाताईंकडं गेले, तर त्या म्हणाल्या, "आता साहेबाच्या फायलीत गेला तो. आन् काही दिवस तरी कारवाई दाखवावी लागंल ना. पुन्हा तपासणी आली तर?" कारवाई म्हणजे वट्टा रिकामा होईपर्यंत आत्याची पाण्याची पाळी बंद आणि संस्थेतून नाव कमी. तिच्या नावाची ओळ वहीत मीच खोडली.

आत्या भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. आयुष्यभर भांडलेली बाई. ती एका शब्दानं भांडली नाही. दोन दिवसांत तिनं एकेक डबा रिकामा केला, पाला गल्लीतल्या शेळ्यांना घातला, गाळ मागच्या खड्ड्यात ओतला आणि डबे भिंतीला उपडे लावून ठेवले. कुणी मदतीला गेलं नाही. कोणत्या तोंडानं जाणार? लिंबाचं पिंप तिला हलवता आलं नाही, ते तिथंच राहिलं. चैत्राच्या उन्हात आठवडाभरात पानं गळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं, आणि थोडी हिंमत करून, तांदळाचं पाणी घेऊन गेले. ती वट्टा झाडत होती. मी पातेलं पुढं केलं. म्हटलं, "आत्या, निदान लिंबाला तरी."

तिनं झाडू थांबवला नाही. "तुमीच टाका कुठं तरी, बाई," ती म्हणाली.

सहा वर्षं ती मला पोरी म्हणत होती, भवानी म्हणत होती, सटवी म्हणत होती. त्या एका 'तुमी'नं माझ्या हातातलं पातेलं जड झालं. मी परत फिरले.

लपवलेले डबे आठवड्यानं बाहेर निघाले. अंधारात राहून बरीच रोपं पिवळी पडली होती, उरलेली कशी सांभाळायची ते सांगायला कुणी येत नव्हतं. बायका एकमेकींच्या वट्ट्यावर जायच्या बंद झाल्या. प्रत्येकीला दुसरीचा अंगठा आठवत होता. पुढं पाऊसकाळ बरा झाला, संस्थेला कुठल्याशा योजनेतून प्लॅस्टिकच्या कुंड्या आल्या. त्या पुष्पाताईंच्या ओसरीत एकात एक घालून ठेवलेल्या मी बघितल्या आहेत.

दिवाळी झाली आणि टोळ्या निघाल्या. त्या वर्षी बाळूच्या ट्रॅक्टरमध्ये सामानावर आत्याही बसली. आता तोडायला नाही, टोळीचा स्वयंपाक करायला. सासूबाई भाकरी बांधून द्यायला गेल्या. आत्यानं त्या घेतल्या, सासूबाईंच्या गळ्यात पडली, पण आमच्या दाराकडं बघितलं नाही. हंगाम संपल्यावर बाळू एकटाच आला, घराला कुलूप लावून गेला. तिकडंच कारखान्याजवळ खोली केल्याचं कानावर आलं.

त्यानंतर मी तिला एकदाच बघितलं. चार-पाच वर्षांनी, केजच्या बसस्थानकात. मी तहसीलचं काम उरकून गाडीची वाट बघत होते. खांबाच्या सावलीत ती बसली होती, अंग आणखी आकसलेलं, शेजारी गाठोडं. बाळू तिकिटाची चौकशी करायला गेला असावा. मी जाऊन तिच्यापुढं खाली बसले. तिनं ओळखलं. विचारपूस केली. सासूबाई वारल्याचं सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले, पदरानं पुसले. "लई गुणाची बाई," म्हणाली. माझी मुलगी कितवीला आहे ते विचारलं. सगळं 'तुमी' घालून, नीट, परक्या बाईशी बोलावं तसं.

मला राहवलं नाही. "आत्या, तो कागद... पुष्पाताई म्हणाल्या होत्या, साहेब गेले की फाडून टाकू. म्हणून मी..."

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फाडला का?"

"नाही."

"मग?"

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर तिनं लुगड्याच्या काठानं पाय झाकून आत ओढून घेतले. तेवढ्यात माझी गाडी फलाटाला लागली. "जावा," ती म्हणाली, "जागा मिळणार न्हाई."

मी चढले. खिडकीशी जागा मिळाली, अगदी तिच्या समोरची. ती वर बघेल म्हणून मी काच सरकवली. तिनं बघितलं, मी तिथं आहे हे तिला दिसलं. मग एक हात गुडघ्यावर टेकून ती कष्टानं उठली, गाठोडं उचललं आणि खांबाच्या पलीकडं जाऊन बसली. तिकडं सावली नव्हती. गाडी निघेपर्यंत मला उन्हात वाकलेली तिची पाठ तेवढी दिसत होती.